वनराज भाटिया : पार्श्वसंगीत, आश्रयदाते आणि इतिहासलेखनाचा प्रश्न

प्रास्ताविक

भारतीय चित्रपटसंगीताचा इतिहास बव्हंशी चित्रपटगीतांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या संगीतकाराने कोणत्या गायकाकडून कोणते गीत गाऊन घेतले, कोणती चाल कोणत्या वर्षी लोकप्रिय झाली, या अंगानेच कालखंड पाडले जातात. १९५० आणि १९६० च्या दशकांना सुवर्णकाळ म्हटले जाते आणि त्यानंतरचा काळ ऱ्हासाचा ठरवला जातो. या मांडणीत गीताव्यतिरिक्त जे संगीत चित्रपटात असते, म्हणजे शीर्षकसंगीत, प्रसंगांना जोडणारे संगीत आणि संवादांखालून वाहणारे पार्श्वसंगीत, त्याला फारशी जागा मिळत नाही. परिणामी ज्यांची कारकीर्द मुख्यतः अशा संगीतावर उभी राहिली ते संगीतकार इतिहासाच्या तळटीपेत जातात.

वनराज भाटिया हे या संदर्भातील महत्त्वाचे उदाहरण होय. ३१ मे १९२७ रोजी मुंबईत जन्मलेले आणि ७ मे २०२१ रोजी मुंबईतच निधन पावलेले भाटिया जाहिरातपट, समांतर चित्रपट आणि दूरदर्शन मालिका या तीनही क्षेत्रांत काम करीत राहिले. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’पासून ‘भारत एक खोज’पर्यंतच्या कलाकृतींचे संगीत त्यांचे आहे. प्रस्तुत लेखाचा उद्देश त्यांचे समग्र चरित्र सांगणे हा नाही. त्यांच्या कारकिर्दीचे टप्पे त्यांच्या आश्रयदात्यांच्या टप्प्यांशी कसे जुळतात आणि त्या आश्रयदात्यांनी संगीतकाराला काम दिले तरी त्या कामाचे जतन व हक्क यांची तजवीज का केली नाही, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

जडणघडण : मुंबई, लंडन, पॅरिस

भाटिया यांचा जन्म मुंबईतील गुजरातीभाषक कुटुंबात झाला. शालेय शिक्षण न्यू ईरा स्कूलमध्ये झाले. हिंदुस्थानी संगीताचे प्राथमिक शिक्षण त्यांनी प्रा. बा. र. देवधर यांच्या संगीतशाळेत घेतले. ही गोष्ट वरवर लहान वाटली तरी तिला महत्त्व आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य असलेले देवधर हे पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केलेले, खुल्या दृष्टीचे शिक्षक होते. कुमार गंधर्वांसारखा गायक याच शाळेत घडला. दोन संगीतपद्धतींकडे परस्परविरोधी म्हणून न पाहण्याची वृत्ती मुंबईच्या ज्या वातावरणात रुजली, त्याच वातावरणात भाटियांचे बालपण गेले.

किशोरवयात चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कन्चेर्तो ऐकून त्यांचा ओढा पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे वळला आणि त्यांनी डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षे पियानोचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषयात एम. ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. तेथे हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि विल्यम ऑल्विन यांच्याकडे त्यांनी संगीतरचनेचा अभ्यास केला व १९५४ मध्ये सुवर्णपदक मिळवले. पुढे शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि नादिया बूलांजे यांचे शिष्य झाले. विसाव्या शतकातील अनेक नामवंत रचनाकार ज्यांच्या हाताखाली शिकले त्या बूलांजे यांचा शिस्तीवरील कटाक्ष प्रसिद्ध आहे. ऑल्विन हे स्वतः ब्रिटिश चित्रपटांचे नामांकित संगीतकार होते, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९५९ मध्ये भाटिया भारतात परतले. पाश्चात्त्य पद्धतीच्या रचनाकाराला उपजीविका देणारी व्यवस्था येथे जवळजवळ नव्हती. कायमस्वरूपी सिंफनी वाद्यवृंद नव्हते, ऑपेरागृहांची परंपरा नव्हती आणि नव्या रचना मागवून घेणाऱ्या संस्थाही नव्हत्या. १९६० ते १९६५ या काळात त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक म्हणून अध्यापन केले. परंतु त्यांच्या रचनेला खरी मागणी आली ती एका अनपेक्षित दिशेने.

पहिला आश्रयदाता : जाहिरात

भारतात जाहिरातपटासाठी स्वतंत्र संगीतरचना करणारे पहिले संगीतकार म्हणून भाटिया यांचा उल्लेख केला जातो. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातीपासून सुरू झालेले हे काम लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स अशा नावांपर्यंत विस्तारले. त्यांनी केलेल्या जिंगल्सची संख्या सात हजारांहून अधिक सांगितली जाते. प्रत्येक रचना सरासरी अर्ध्या मिनिटाची धरली तरी हे एकूण सुमारे अठ्ठावन्न तासांचे संगीत होते.

जाहिरातीचे संगीत हे हलके काम मानण्याची प्रथा आहे. तथापि त्या कामाची घडण पाहिली असता ते पार्श्वसंगीताची कठोर शाळाच होते असे दिसून येते. दहा, वीस वा तीस सेकंदांत आरंभ, विकास आणि शेवट साधावा लागतो. चित्र कोठे बदलते, वस्तूचे नाव कोठे येते, हे सेकंदाच्या हिशेबाने ठरलेले असते. ३५ मिलिमीटरच्या चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी आणि मिनिटाला नव्वद फूट फीत सरकते. संगीतकाराला आपली रचना या मापात बसवावी लागते. रचना कागदावर पूर्ण लिहिण्याची सवय असलेल्या भाटियांना हे माप अडचणीचे वाटण्याचे कारण नव्हते.

येथे मुंबईच्या चित्रपटव्यवसायातील तत्कालीन कार्यपद्धतीशी तुलना उपयुक्त ठरेल. हिंदी चित्रपटांत सामान्यतः संगीतकार चाल बांधत असे आणि वाद्यवृंदासाठी तिचे लेखन संगीत-संयोजक करीत असे. हे संयोजक व वादक मोठ्या प्रमाणावर गोव्याचे होते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून त्यांना स्वरलेखनाचे शिक्षण मिळालेले असे. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील काही नावे. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारित वाद्यवृंदरचना सादर करण्याचा प्रयत्न केला, पण त्याला स्थायी स्वरूप लाभले नाही. रचना आणि लेखन यांची ही विभागणी चित्रपटव्यवसायात रूढ असताना भाटिया हे दोन्ही कामे एकहाती करू शकणारे रचनाकार होते. गोन्साल्विस आणि भाटिया यांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी दोघांसमोरचा प्रश्न एकच होता. लिहिलेल्या संगीताला या देशात आश्रय कोण देणार?

दुसरा आश्रयदाता : समांतर चित्रपट

१९७४ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ प्रदर्शित झाला. भाटिया यांचा संगीतकार म्हणून हा पहिला कथापट. समांतर चित्रपटाच्या उदयाचे श्रेय बहुधा १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनला दिले जाते आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु ‘अंकुर’ला भांडवल पुरवले ते जाहिरातपटांचे वितरण करणाऱ्या ब्लेझ या खाजगी संस्थेने. ‘निशांत’ आणि ‘भूमिका’ यांमागेही हीच संस्था होती. स्वतः बेनेगल जाहिरातक्षेत्रातून आले होते व कथापटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी शेकडो जाहिरातपट केले होते. म्हणजेच दिग्दर्शक, निर्माता आणि संगीतकार हे तिघेही जाहिरातीच्याच परिसरातून समांतर चित्रपटात आले. जाहिरातीचा व्यापार आणि कलात्मक चित्रपट यांना दोन विरुद्ध टोके मानणाऱ्या समजुतीला या वस्तुस्थितीमुळे मुरड घालावी लागते.

या चित्रपटांत रूढ अर्थाची गाणी नव्हती किंवा अत्यल्प होती. त्यामुळे संगीताला कथेच्या आत जागा शोधावी लागली. १९७६ च्या ‘मंथन’मध्ये हे विशेष स्पष्ट होते. विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेला हा चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्यातील लोकगीताच्या वळणाचे ‘मेरो गाम काथा पारे’ हे एकच गीत चित्रपटाच्या आरंभी येते आणि पुढे निरनिराळ्या प्रसंगी परतते. गावाच्या अभिमानाचा तो स्वर सहकारी चळवळीच्या यशापयशासोबत वेगवेगळा अर्थ धारण करतो. या गीतासाठी प्रीती सागर यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे हीच चाल अमूलच्या जाहिरातीत वापरली गेली. जाहिरातीतून चित्रपटात आलेल्या संगीतकाराची चाल चित्रपटातून पुन्हा जाहिरातीत गेली, असे हे वर्तुळ आहे.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने १९७७ चा ‘भूमिका’ अधिक महत्त्वाचा ठरतो. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटाची कथा मराठी-हिंदी चित्रपटसृष्टीच्या जुन्या कालखंडातून फिरते. त्यामुळे संगीतकाराला त्या त्या काळाचे संगीत नव्याने घडवावे लागले. लंडन-पॅरिसमध्ये शिकलेल्या भाटियांनी येथे आपल्या शिक्षणाचे प्रदर्शन केले नाही. जुन्या बोलपटांची गायकी, वाद्यमेळ आणि ध्वनीचा पोत यांचा अभ्यास करून त्यांनी गाणी बांधली. किराणा घराण्याच्या परंपरेतील आणि जुन्या बोलपटांच्या काळात स्वतः गायलेल्या सरस्वती राणे यांचा आवाज या चित्रपटात आहे, ही निवड पुरेशी बोलकी आहे. गीतलेखनात मजरूह सुलतानपुरी यांच्यासोबत वसंत देव होते. मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या देवांचे नाव भाटियांच्या कामाशी पुढेही जोडलेले राहिले. चित्रपटसंगीत स्वतःच्या भूतकाळाकडे इतिहासकाराच्या नजरेने पाहू शकते, याचे ‘भूमिका’ हे भारतीय चित्रपटातील एक लक्षणीय उदाहरण मानावे लागेल.

हीच वृत्ती पुढेही दिसते. ‘जुनून’मध्ये १८५७ चा काळ, ‘मंडी’मध्ये कोठ्यावरील गायकी, ‘त्रिकाल’मध्ये पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या दिवसांतील गोवा आणि १९९६ च्या ‘सरदारी बेगम’मध्ये ठुमरी गायिकेचे जग उभे करावयाचे होते. ‘सरदारी बेगम’मध्ये आरती अंकलीकर-टिकेकर यांच्या स्वराचा उपयोग करून त्यांनी ठुमरीचा डौल राखला. बेनेगल यांच्याखेरीज अपर्णा सेन यांचा ‘३६ चौरंगी लेन’, कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’, सईद मिर्झा यांचा ‘मोहन जोशी हाजिर हो’ आणि कुमार शहानी यांचा ‘तरंग’ या परस्परांहून अत्यंत भिन्न प्रकृतीच्या चित्रपटांना त्यांचे संगीत आहे. एका ठरावीक शैलीवरून ओळखता येणे हा लोकप्रिय संगीतकाराचा गुण मानला जातो. भाटियांचे सामर्थ्य याउलट होते. प्रत्येक विषयासाठी ते आपली भाषा बदलत आणि म्हणूनच त्यांचे नाव सामान्य प्रेक्षकाच्या स्मरणात ठसले नाही.

तिसरा आश्रयदाता : दूरदर्शन

१९८२ मध्ये दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण व रंगीत चित्रण सुरू झाले आणि काही वर्षांतच मालिकांचा काळ आला. समांतर चित्रपटातील अनेक कलावंत तेथे गेले आणि भाटियाही त्यांत होते. ‘खानदान’सारख्या कौटुंबिक मालिकेचे संगीत त्यांनी केले. परंतु त्यांच्या दूरदर्शनवरील कामाचे शिखर म्हणजे १९८८ मध्ये प्रसारित झालेल्या दोन कलाकृती होत.

पहिली ‘तमस’. भीष्म साहनी यांच्या फाळणीविषयक कादंबरीवरील गोविंद निहलानी यांच्या या मालिकेच्या प्रसारणाला न्यायालयात आव्हान देण्यात आले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या बाजूने निर्णय दिला. तिच्या आरंभी ऐकू येणारा, टाहो फोडल्यासारखा मानवी स्वर त्या काळच्या प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. त्या स्वराला विशिष्ट धर्माची खूण नाही. दोन्ही बाजूंच्या दुःखाला एकच आवाज देण्याचा तो निर्णय संगीताचा होता तसाच नैतिकही होता. ‘तमस’साठी भाटिया यांना सर्वोत्कृष्ट संगीत-दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरी ‘भारत एक खोज’. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली बेनेगल यांची ही ५३ भागांची मालिका. तिच्या शीर्षकसंगीतासाठी ऋग्वेदातील नासदीय सूक्त निवडले गेले आणि त्याचे हिंदी रूपांतर वसंत देव यांनी केले. हे सूक्त सृष्टीच्या उगमाविषयी निश्चित उत्तर न देता प्रश्न विचारते. राष्ट्राच्या इतिहासाची मालिका जयघोषाने सुरू न होता संशयाने व जिज्ञासेने सुरू व्हावी, हा अर्थ भाटियांच्या गंभीर समूहस्वरांतून पोचला. ज्या पिढीने ही मालिका घरोघरी पाहिली तिच्यापैकी अनेकांना नासदीय सूक्ताचा परिचय ग्रंथांतून न होता या संगीतातून झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. १९८९ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९९० च्या दशकात खाजगी वाहिन्या आल्या, दूरदर्शनचे एकछत्री स्थान संपले आणि समांतर चित्रपटाचाही ओघ क्षीण झाला. भाटियांनी या काळात ‘दामिनी’, ‘परदेस’ यांसारख्या व्यावसायिक चित्रपटांना पार्श्वसंगीत दिले. तेथे गाणी इतर संगीतकारांची असत. गीतांचे श्रेय वेगळ्याकडे व पार्श्वसंगीताचे श्रेय वेगळ्याकडे, या विभागणीत प्रेक्षकाच्या लेखी दुसरे नाव जवळजवळ अदृश्य असते.

हक्क आणि जतन

येथवरच्या विवेचनावरून असे दिसते की भाटियांना काम देणारे आश्रयदाते बदलत गेले, पण एक गोष्ट कायम राहिली. संगीत एकदा मोबदला देऊन विकत घ्यावयाचे आणि त्यानंतर संगीतकाराचा त्याच्याशी संबंध उरू नये, ही ती गोष्ट होय. याला कायद्याचीही बैठक होती. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असा निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता असतो. कवी व संगीतकारांच्या स्थितीविषयी न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या वेळी सहानुभूती व्यक्त केली, तरी कायदा बदलण्यास आणखी पस्तीस वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरासाठी गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा देण्याची आणि तो हक्क सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. ही दुरुस्ती जून २०१२ मध्ये अमलात आली तेव्हा भाटिया ८५ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचे आयुष्यभराचे स्वप्न असलेला आश्रय मात्र भारतात मिळाला नाही. गिरीश कार्नाड यांच्या नाटकावर त्यांनी ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा रचला. त्याचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये सादर झाले ते न्यूयॉर्कमध्ये. जानेवारी २०१९ मध्ये विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईतील आपल्या कार्यक्रमात भाटियांची ‘रेव्हरी’ ही रचना वाजवली. त्याच वर्षी भाटिया आर्थिक विवंचनेत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या आणि संगीतक्षेत्रातील व्यक्ती मदतीसाठी पुढे आल्या. या दोन घटना एकाच वर्षी घडाव्यात हा केवळ दैवदुर्विलास नव्हे. कलावंताचा सन्मान करण्याची व्यवस्था असणे आणि त्याच्या कामातून त्याला नियमित उत्पन्न मिळण्याची व्यवस्था असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा तो पुरावा आहे.

आर्थिक विवंचनेचा सर्व दोष कायद्यावर टाकणे अर्थातच एकांगी ठरेल. जाहिरातींनी त्यांना अनेक वर्षे उपजीविका दिली आणि अल्प खर्चाचे चित्रपट स्वीकारण्याचे स्वातंत्र्यही बहुधा त्यातूनच आले. तथापि सात हजार रचना केलेल्या व्यक्तीला उतारवयात त्या रचनांचा आधार नसावा, ही बाब व्यक्तिगत नसून संरचनात्मक आहे.

जतनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. ‘मंथन’चे पुनरुज्जीवन फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केले आणि २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्यासाठी चित्राची मूळ ऋणप्रत उपलब्ध होती. ध्वनी मात्र जतन केलेल्या प्रदर्शन-प्रतीवरून घ्यावा लागला. चित्रपटाचे पार्श्वसंगीत हे संवाद व इतर ध्वनींसोबत एकाच पट्टीवर मिसळलेले असते. चित्रपटाची प्रत वाचली तर ते वाचते, परंतु स्वतंत्र रचना म्हणून अभ्यासता येईल अशा स्वरूपात नव्हे. गीतांच्या ध्वनिमुद्रिका निघतात म्हणून गीते टिकतात. पार्श्वसंगीताला असा दुसरा जन्म क्वचितच लाभतो. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपट जतन करण्याचे मोठे काम केले. त्याच गांभीर्याने संगीतकारांच्या हस्तलिखित स्वरलेखनाचे, ध्वनिमुद्रणाच्या मूळ फितींचे आणि वादकांच्या नोंदींचे जतन होणे आवश्यक आहे.

समारोप

वनराज भाटिया यांच्या कारकिर्दीवरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, चित्रपटसंगीताचा इतिहास गीतांपुरता मर्यादित ठेवल्यास १९७० नंतरच्या काळातील महत्त्वाचे संगीत दृष्टिआड होते, आणि ‘ऱ्हासाचा काळ’ ही संकल्पनाच तपासून पाहावी लागते. दुसरा, समांतर चित्रपट, जाहिरात आणि दूरदर्शन यांचा इतिहास वेगवेगळ्या कप्प्यांत लिहिता येत नाही, कारण भांडवल, माणसे व कौशल्य या तिन्ही क्षेत्रांत सारखेच फिरत होते. तिसरा, आश्रय म्हणजे केवळ काम देणे नव्हे. काम देणे, त्याचा हक्क मान्य करणे आणि ते जतन करणे या तिन्ही गोष्टी मिळून आश्रय पूर्ण होतो. भाटियांना यांपैकी पहिली गोष्ट भरपूर मिळाली, दुसरी फार उशिरा आणि तिसरी अपुरी.

त्यांचे समकालीन असलेल्या अनेक संयोजकांच्या व वादकांच्या वाट्याला पहिली गोष्टही नाव न घेता आली. त्यांच्या नोंदी गोळा करण्याचे काम आजही करता येण्यासारखे आहे. संगीत, इतिहास, कायदा आणि माध्यमविद्या या विषयांच्या अभ्यासकांनी ते एकत्रितपणे हाती घेतले, तर चित्रपटसंगीताचा अधिक न्याय्य इतिहास लिहिला जाईल.